आईच्या दगडावरची मोकळी जागा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे सत्तेचाळीस, धंदा कबरीच्या दगडांवर अक्षरे कोरण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीत आहे. मला कुणी धाक दाखवलेला नाही आणि कुणी गोड बोलून लिहायला बसवलेले नाही. वकीलबाईंच्या मसुद्यात 'स्थिर मनाने' असेही शब्द होते, ते मी घेतले नाहीत. बावीस वर्षांच्या माझ्या रोजनिशांत मन स्थिर असल्याची एकही नोंद मला सापडली नाही. उगाच शेवटच्या कागदावर खोटे कशाला?

येत्या मंगळवारी माझ्या छातीची शस्त्रक्रिया आहे. इतकी वर्षे दगडाची धूळ आत गेली, तिने उजव्या फुप्फुसाचा एक तुकडाच दगडासारखा करून टाकला आहे. तो काढायचा आहे. डॉक्टर म्हणतात, धोका फारसा नाही. वकीलबाई म्हणतात, तरीही लिहा. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

याआधी मी दोन मृत्युपत्रे केली होती, ती रद्द समजावीत. पहिले कंटाळवाणे होते. दुसरे वाईट होते. ते का, हे सहाव्या कलमात येईल. हे तिसरे मृत्युपत्र मुख्यतः त्या सहाव्या कलमासाठी, म्हणजे माझ्या आईच्या कबरीवरच्या दगडात नऊ वर्षे एका शब्दाची जी जागा रिकामी आहे तिच्यासाठी आहे. बाकीची व्यवस्था आधी उरकते. माणसांची पूर्ण नावे आणि पत्ते वकीलबाईंनी वेगळ्या कागदावर घेतले आहेत. इथे मी ज्याला जशी हाक मारते तसे लिहिले आहे. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम वकीलबाईंनी करावे.

एक. राहते घर. कारखान्याच्या वरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि अंगणावरची गॅलरी माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, आणि त्याच्यामागे वहिनीला मिळावी. दादा सत्तावीस वर्षे आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक आहे आणि मंडळीच्या घरात राहतो. निवृत्तीच्या दिवशी ते घर त्याला सोडावे लागेल. स्वतःसाठी घर तो कधीच बघणार नाही, कारण त्याची अशी श्रद्धा आहे की सोय होते. सोय होते ती कुणीतरी केल्यामुळे होते, हे वहिनीला ठाऊक आहे. जिन्याची तिसरी पायरी हलते, तेवढी बसवून घ्यावी.

या घराला कोणतीही अट नाही. हे वाक्य मी मुद्दाम वेगळे लिहीत आहे.

दोन. बँकेत जे आहे त्यातून रुग्णालयाचा खर्च जाऊन उरेल ते वहिनीला, तिच्या एकटीच्या नावावर. दादाच्या हातात दिले तर संध्याकाळपर्यंत ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असते.

तीन. खालचा कारखाना, कापायचे आणि घासायचे यंत्र, दगड ठेवायचे लोखंडी घोडे, तयार नसलेले सगळे दगड आणि टेलिफोनचा नंबर, ज्यावर लोक रडत फोन करतात, हे सर्व पॉलिशवालीला. चौदा वर्षे ती माझ्याबरोबर दगड घासते आहे. ती सडकेपलीकडच्या मंडळीची. त्यांच्यात माणूस मोठा झाल्यावर त्याला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. आमच्यात तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडतात. चौदा वर्षे रोज चहाच्या वेळी ती मला म्हणते, "ताई, अजून वेळ गेलेली नाही. तुम्हाला नुसतं ओलं केलंय, बाप्तिस्मा कुठं झालाय?" मी म्हणते, "अगं, एवढ्या धुळीत रोज आंघोळ करते, ती धर." यावर ती हसत नाही. ती माझ्यासाठी रोज प्रार्थना करते आणि मला ते आवडते, हे मी तिला कधी सांगितलेले नाही, इथे सांगते. कारखाना तिला प्रार्थनेसाठी दिलेला नाही. तिच्यासारखे कोपरे कुणालाच घासता येत नाहीत, म्हणून दिला आहे.

चार. माझ्या बावीस रोजनिशा जाळाव्यात. कुणी चाळू नयेत. त्यात बहुतेक ठिकाणी मी स्वतःलाच उलटतपासणीत घेतले आहे आणि ते वाचायला कंटाळवाणे आहे. नऊ वर्षांपूर्वीची हिरव्या पुठ्ठ्याची एक सोडून. ती दादाची.

पाच. माझी पितळी पट्टी, जिने मी ओळींमधले अंतर मोजते, ती मला आमच्या मंडळीच्या पंचकमिटीच्या चिटणीसांना द्यायची होती. दुसऱ्याच्या विश्वासाची लांबी-रुंदी मोजायची त्यांना आवड आहे, तेव्हा साधन तरी नीट असावे, असे वाक्यही तयार होते. पण या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायला शेजारचे दोघे नाही म्हणाले आणि चिटणीस मात्र एका निरोपावर हो म्हणाले. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असे वकीलबाई सांगतात. तेव्हा पट्टीही पॉलिशवालीला. चिटणीस ही ओळ वाचणार नाहीत, साक्षीदाराने फक्त सही बघायची असते. तरीही कधी वाचलीच तर हेही वाचावे: मागच्या हिवाळ्यात मी तापाने पडले होते तेव्हा तेच दोनदा औषध घेऊन जिना चढून आले होते, आणि तिसऱ्या पायरीवर दोन्ही वेळा अडखळले होते. एका माणसात या दोन्ही गोष्टी कशा राहतात, याचा विचार मी पुष्कळ केला. माझ्यातही राहतात, एवढाच निष्कर्ष निघाला.

सहा. आईचा दगड.

बाबांनी या अंगणात चाळीस वर्षे दगड कोरले. आमच्या मंडळीच्या दफनभूमीत जवळजवळ प्रत्येक दगडावर नाव आणि तारखांच्या खाली एकच ओळ असते: 'पुनरुत्थानाच्या निश्चित आशेने येथे विसावत आहे'. दादा आणि मी शाळेत जायच्या आधी याच ओळीवर अक्षरे शिकलो. दादाचा हात माझ्यापेक्षा सरस. विसाव्या वर्षी तो पाळक व्हायला शिकायला गेला. मग कॉलेज संपवून मी टाकी हातात घेतली, कारण बाबांना कुणीतरी हवे होते.

बाबांचा एक नियम होता. तारीख असो की नाव, ज्या शब्दाबद्दल घरच्यांकडून पक्के कळलेले नाही तो नुसता पेन्सिलीने आखायचा. त्याची जागा मोजून सोडायची, बाकीची ओळ कोरायची आणि घरच्यांना विचारून मग शेवटी तो शब्द कोरायचा. कागदावर खाडाखोड होते, दगडावर होत नाही.

ती ओळ लोकांसाठी मी किती वेळा कोरली असेल, सांगता येणार नाही. हात कधी अडला नाही. ते त्यांचे म्हणणे होते, टाकी माझी होती. आईच्या दगडाला मात्र 'घरचे' म्हणजे मी आणि दादा.

आई गेली त्या आठवड्यात वरच्या खोलीत होती. मंगळवारी सकाळी मी तिची वेणी घालत होते. ती म्हणाली, "चिमे, ती ओळ कोरतेस ना तू, तुला वाटतं का गं तसं?" मी म्हणाले, "मला आशा वाटते, आई." ती म्हणाली, "मलाही आशाच. खात्री नाही वाटत." मग वेणी पुरी झाल्यावर म्हणाली, "दादाला सांगू नकोस. त्याला वाटेल, त्याचंच काही कमी पडलं."

शुक्रवारी ती गेली. मी दगड घेतला, ओळ आखली आणि 'निश्चित' हा शब्द पेन्सिलीत ठेवला. बाबांच्या नियमाप्रमाणे विचारायला हवे होते. जिला विचारायचे ती दगडाखाली, आणि दादाला सांगायचे नाही असे वचन दिलेले. दगड तसाच उभा राहिला. पावसाच्या दोन सरींत पेन्सिल धुऊन गेली. दफनभूमीत कबरी खणणारे मामा म्हणाले, "ताई, तुमच्या ओळीचा एक दात पडलाय की." तेव्हापासून ते तिला बोळकी ओळ म्हणतात.

दादाने ती पाहिली त्या दिवशी तो थेट इथे आला.

"शब्द विसरलीस?"

"नाही."

"मग?"

"पक्कं कळलं नाही."

"आईबद्दल? आपल्या आईबद्दल तुला पक्कं कळलं नाही? चाळीस वर्षं जिनं एक रविवार चुकवला नाही तिच्याबद्दल?"

"तू कोर ना मग. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

"मी नाही कोरणार. तू सोडलायस, तूच भर. भरशील तेव्हा मला कळेल की तुझ्या मनात काय आहे."

इथे चूक माझी, असे आता वाटते. मी रागावले आणि गप्प राहिले, आणि माझ्या गप्प राहण्याला मी वचन पाळणे असे चांगले नाव दिले. गोष्ट पंचकमिटीपुढे गेली. चिटणीसांनी विचारले, "मेलेले उठतील यावर तुमचा विश्वास आहे की नाही? हो की नाही, एवढंच सांगा." मी म्हणाले, "आशा आहे." ते म्हणाले, "आशा वेगळी आणि विश्वास वेगळा." मी म्हणाले, "ओळीत तर आशाच लिहिलंय." कुणीतरी मागे हसले आणि त्याने माझे काम आणखी बिघडले. अध्यक्षस्थानी दादा होता. माझे उत्तर स्पष्ट होईपर्यंत मी उपासनेत प्रभुभोजनाची भाकर घेऊ नये, असे त्याने सांगितले. आवाज चढवला नाही. नऊ वर्षे मी शेवटच्या बाकावर बसते. भाकरीचे ताट माझ्यापुढून दादाच्याच हातून पुढे जाते आणि दर वेळी तो माझ्याकडे बघतो. तो बघतो हे मी त्याच्या खाती जमा धरले आहे.

आता दुसरे मृत्युपत्र. त्यात दादाला घर ठेवले होते ते एका अटीवर: आईच्या दगडावर तो शब्द त्याने कधीही कोरू नये. आणि का कोरू नये याचे कारण, म्हणजे आईचे मंगळवारचे बोलणे, लिहून ठेवले होते. ते मी मेल्यावर वकीलबाईंनी त्याला वाचून दाखवले असते. मला ते फार न्यायाचे वाटत होते. आईचे शब्द जसेच्या तसे उतरावेत म्हणून मी हिरवी रोजनिशी काढली.

त्या मंगळवारच्या पानावर माझ्याच अक्षरात असे आहे: 'आई म्हणाली, मलाही आशाच. आज खात्री नाही वाटत.'

आज. हा शब्द मी नऊ वर्षे विसरले होते. विसरले की गाळला, हे मला खरोखर ठरवता येत नाही. आईच्या एका सकाळी वाटलेल्या गोष्टीवर मी तिचा आयुष्यभराचा विश्वास उभा केला, आणि त्याच पंचकमिटीसारखी घराला अट घातली: माझ्यासारखे मान, नाहीतर बाहेर राहा. मी ते मृत्युपत्र फाडले. आणि जे माणसासमोर बोलता येत नाही ते मेल्यावर वकिलाच्या तोंडून बोलणे हा भित्रेपणा आहे, असे वाटून गेल्या शनिवारी दुपारी दादाला बोलावले.

तो आला. पॉलिशवालीची सुट्टी होती. मी रोजनिशी त्याच्यापुढे धरली.

"तुझी डायरी मी का वाचू?"

"एकच पान. मंगळवारचं."

त्याने चष्मा लावून उभ्याउभ्याच वाचले. मग अर्धवट पॉलिश झालेल्या दगडावर बसला. त्यावर कुणी बसू नये, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. मी बसू दिले.

"नऊ वर्षं," तो म्हणाला. "मला वाटलं, तू तुझी शंका आईच्या माथी मारतेयस."

"मला वाटलं, तू तुझी खात्री मारतोयस."

"सांगायचं होतंस."

"नको म्हणाली होती ती."

"मग आज कशी सांगतेयस?"

"मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. मग वाटलं, मी मेल्यावर तू उत्तर कुणाला देणार?"

"म्हणजे भांडायला बोलावलंस."

"हो."

तो हसला. दादा हसला की बाबांसारखा दिसतो. मग चष्मा पुसत राहिला, बराच वेळ. "मला ती बुधवारी म्हणाली," तो म्हणाला. "तू औषधं आणायला गेली होतीस. माझा हात धरला आणि म्हणाली, मला पक्की खात्री आहे रे, तू घाबरू नकोस."

"तू घाबरला होतास?"

"ती मरत होती, चिमे."

मग मी म्हणाले, "म्हणजे मंगळवारी नव्हती, बुधवारी आली."

"किंवा बुधवारी तिनं माझा चेहरा बघितला."

"दादा, तू आईला खोटारडी म्हणतोयस?"

"मी नाही, तूच सुरुवात केलीस. मंगळवारी तिनं तुझाही चेहरा बघितलाच असेल की. तुला काय झेपतं, मला काय झेपतं, तिला माहीत नव्हतं का?"

मी रोजनिशी मिटली.

"कोरायचा का मग?" मी विचारले. "तुझा बुधवार माझ्या मंगळवारच्या नंतरचा आहे. तू सांग, मी कोरते."

तो उठला, बसलेली जागा हाताने पुसली. "माझ्या विश्वासात काडीचा फरक पडलेला नाही, हे ध्यानात ठेव," तो म्हणाला. "ती उठणार आहे. तूही उठणार आहेस, तुला पटो न पटो. पण गुरुवारी ती कुणाशीच बोलली नाही. गुरुवारचं मी तिच्या वतीनं कसं सांगू?" आणि दारापर्यंत जाऊन म्हणाला, "प्रभुभोजनाचं मात्र मला आज काही सांगता यायचं नाही."

"मी विचारलंच नाही."

"हो, पण मी सांगून ठेवतो."

तेव्हा सहाव्या कलमाचा आदेश एवढाच: आईच्या दगडावरची जागा आहे तशी राहावी. मामांनी तिला हवे ते नाव द्यावे. माझ्यामागे कधी दादाला वाटले की शब्द भरावा, तर त्याने भरावा, माझी हरकत नाही. तोवर मला खरे काय ते कळलेले असेल, किंवा हरकत घ्यायला मी नसेन. हे सगळे लिहू का, असे मी दादाला फोनवर विचारले. तो म्हणाला, "लिही. माझं घाबरणंसुद्धा लिही."

सात. माझे दफन आईच्या डाव्या बाजूला व्हावे, उपासना दादाने घ्यावी. त्याला जे म्हणायचे ते सगळे म्हणावे, माझ्यासाठी एकही वाक्य गाळू नये. मी वाद घालणार नाही, ही संधी त्याला पुन्हा मिळायची नाही. भाषण वीस मिनिटांच्या आत. दगड साधा काळा, पॉलिश समोरच्या बाजूलाच. ओळ अशी: 'पुनरुत्थानाच्या आशेने येथे विसावत आहे'. मधे जागा सोडू नये. शब्दांमधले अंतर सारखे असावे आणि ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत पुरती भरावी. माझ्या ओळीतून काही गळालेले नाही. ती तेवढीच आहे.

कोरायची दादाने. शनिवारी दाराशी उभा राहून त्यानेच हा विषय काढला होता.

"मी आधी गेलो तर माझ्या दगडावर पूर्ण ओळ कोरायची. निश्चितसकट. आणि तू कोरायचीस, यंत्रानं नाही."

"आणि मी आधी गेले तर?"

"तर मग कोरणारा उरलाय कोण? वाकडी येतील अक्षरं."

"येऊ देत."

आठ. बाबांची लाकडी मोगरी, अकरा टाक्या आणि त्या ठेवायचा तीन खणांचा पेटारा दादाला. टाक्यांना वर्षातून दोनदा तेल लावावे. तिसऱ्या खणात फडक्यात गुंडाळलेली वीतभर काळ्या दगडाची एक पाटी आहे. सोमवारी सकाळी मी तिच्यावर एकच शब्द कोरला आहे, 'निश्चित', दादाच्या दगडावर जेवढा यायला हवा तेवढ्या मापात. मी रुग्णालयातून परत आले आणि तो माझ्याआधी गेला, तर मला नमुना म्हणून लागेल. मी परत आले नाही, तर ती पाटी पेटाऱ्याबरोबर त्याच्याकडे जावी आणि त्याच्या वेळी त्याच्या दगडात बसवावी, म्हणजे शब्द माझ्या हातचाच राहील.

तो शब्द दादाच्या दगडावर मला कोरता येतो, कारण तिथे तो खरा आहे. याहून जास्त अर्थ त्याने काढू नये. काढलाच, तर मला अडवता येणार नाही.

दुसऱ्या वेलांटीला टाकी जराशी घसरली आहे. दादाला ते फडके सोडताक्षणी दिसेल. त्याने ते दुरुस्त करू नये.

वरील आठ कलमे मी पुन्हा वाचून पाहिली. पाचव्यात थोडा खवचटपणा राहिला आहे; तो माझा आहे, राहू द्यावा. बाकी जे लिहिले ते आज मला खरे वाटते.

स्थळ: वरच्या खोलीतले खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: गुरुवार, नऊ ऑक्टोबर, सकाळी अकरा.

सही: (मृत्युपत्र करणारी, अक्षरे कोरणारी)

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत बाईंनी वर सही केली आणि त्यांच्यासमोर, एकमेकांसमोर आम्ही आमची केली. आत काय आहे ते आम्ही वाचलेले नाही.

साक्षीदार पहिला: कबरी खणणारे मामा. (सही. 'ताई, मंगळवारनंतर मला काम देऊ नका' असे तोंडी म्हणाले. वकीलबाईंनी ते लिहून घेतले.)

साक्षीदार दुसरा: मंडळीच्या पंचकमिटीचे चिटणीस. (सही. जिना उतरताना तिसरी पायरी हलते, असे त्यांनी निदर्शनास आणले.)